ज्याची विनंती, त्याच्या दारी

धाकटीसारखी शिलाई त्या अख्ख्या वस्तीत कोणाच्या हाताला नाही, हे आधी सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढचं सांगायला मोकळं. लोक तिला टेलरबाई म्हणतात. घरात ती धाकटी, कारण वर एक थोरला भाऊ आहे, वेल्डर. आणि तो असा वेल्डर आहे की त्याने जोडलेलं लोखंड दुसऱ्याला तोडता येत नाही; दुसऱ्यांनी करून बघितलंय. शाळा दोघांचीही बेताचीच झाली. त्यावरून कोणी नाक मुरडलं तर थोरला सरळ विचारतो, "तुझ्या खिडकीची जाळी कोणी केली? आणि तुझी ही पँट कोणी उंचीला बरोबर केली?" समोरचा आपली पँट बघत बसतो.

धाकटीच्या घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. खिडकीखाली मशीन, मधे कापड बेतायचं लांबलचक टेबल, भिंतीला दांडी आणि दांडीवर शाळेचे गणवेश, कोणाचा कोट, कोणाचे पडदे. मागे स्वयंपाकघर, मधे जाड कापडाचा पडदा. माप देताना बायका जे बोलतात ते डॉक्टरकडेही बोलत नाहीत. कंबर वाढली तर का वाढली ते सांगतात, आणि कमी झाली तर मग बसूनच सांगतात. धाकटीच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असतात, त्यामुळे तिच्या तोंडून फक्त "हं" निघतो. असा "हं" करून करून तिच्या पोटात सगळी वस्ती साठलीय, पण त्यातलं काडीइतकं कधी बाहेर पडलं नाही. थोरल्याने नाना तऱ्हेने विचारून बघितलं. सख्ख्या भावालासुद्धा नाही.

अशी ही बाई. तिच्याकडे मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बायकांचा बायबल अभ्यास कसा आला आणि तिने त्याचं काय केलं, ते ऐकण्यासारखं आहे.

आधी हा अभ्यास मोठ्या बाईंकडे असायचा. मोठ्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या सोफ्यावर प्लॅस्टिक घातलेलं, जरा हललं की कर्रकन वाजायचं आणि सगळ्या वळून बघायच्या. ओळीने वाचायला लावायच्या. अडखळलं की चष्म्यावरून बघायच्या. बायका गुरुवारी दुपारी देवाच्या भीतीने नाही, बाईंच्या भीतीने जायच्या. अभ्यास झाला की शेवटी प्रार्थना-विनंत्या. म्हणजे कोणासाठी काय मागायचं ते प्रत्येकीने सांगायचं, मग डोळे मिटून सगळ्यांनी मागायचं. रीत चांगली. पण या रीतीत एक बाई अशी मुरली होती की विचारू नका.

तिला सगळे भोंगामावशी म्हणायचे. ती नाव कोणाचंच घ्यायची नाही, हा तिचा बाणा. "मी नाव घेणार नाही," ती सुरू करायची, "पण आपल्यातलीच एक, पाण्याच्या टाकीजवळ राहते, दाराला निळा रंग आहे, कालच तिच्या नवऱ्याने भिंतीवर कप फेकला. फुलांचा कप. तिच्यासाठी प्रार्थना करू या." झालं. डोळे मिटायच्या आधी सगळ्यांच्या डोळ्यांपुढे निळं दार उभं.

त्यातच इस्त्रीवालीचं झालं. इस्त्रीवाली ही धाकटीची जिवाभावाची मैत्रीण. धाकटीने शिवायचं, तिने इस्त्री करायची, लहानपणापासून दोघींचं एका ताटातलं. इस्त्रीवालीची लेक नवऱ्याशी भांडून माहेरी आली होती. वडीलधारे मधे पडून गुपचूप बोलणी करत होते, जुळत आलं होतं. इस्त्रीवालीने काळजीने एकट्या मावशीला सांगितलं, तू प्रार्थना कर म्हणून. मावशीने गुरुवारी ते सगळ्यांपुढे मांडलं, नाव न घेता. संध्याकाळपर्यंत लेकीच्या सासरी पोचलं. सासऱ्याला वाटलं, मुद्दाम आपली बदनामी केली. बोलणी तिथेच मोडली. लेक अजून आईकडेच आहे.

इस्त्रीवालीने त्या दिवसापासून अभ्यास सोडला. रविवारी उपासनेला यायची, पण शेवटच्या बाकावर, आणि आशीर्वाद व्हायच्या आत दाराबाहेर. धाकटीशी कामापुरतं बोलायची. "कॉलर कडक हवी का?" "हो." एवढंच. दोन मैत्रिणींमधे नुसती कॉलर उरली, हे धाकटीला फार लागलं. तिने थोरल्याला तसं बोलून दाखवलं नाही, पण तिच्या मशीनच्या आवाजावरून त्याला कळत होतं. भाऊ कशाला म्हणतात मग.

पुढे मोठ्या बाई लेकीकडे राहायला गेल्या. पाळकीणबाईंनी, म्हणजे पाळकसाहेबांच्या बायकोने, उपासनेनंतर विचारलं, "अभ्यास आता कोणाच्या घरी घ्यायचा?" सगळ्यांनी खाली बघितलं. धाकटीने हात वर केला.

"तुमच्याकडे जागा आहे?" पाळकीणबाई म्हणाल्या.

"जागा नाही. भाऊ आहे," धाकटी म्हणाली.

थोरल्याने दोन बाकं केली. अशी बाकं की वर हत्ती बसला तर हत्ती अवघडेल, बाक नाही.

धाकटीने पहिल्याच गुरुवारी रीत बदलली. टेबलावर बटणांचा डबा ठेवला आणि सांगून टाकलं, घरात उसवलेलं, बटण तुटलेलं जे असेल ते घेऊन या. हात चालू राहिले की तोंड सैल सुटतं, आणि डोळे सुईवर असले की कोणाला कोणाकडे बघावं लागत नाही, हे तिला धंद्यातून माहीत होतं. वाचायला जिला आवडतं ती वाचेल. उशिरा आलेलीला कोणी "का उशीर?" विचारायचं नाही, नुसतं सरकायचं. मोठ्या बाईंकडे कधी तोंड न उघडणाऱ्या बायका इथे दात काढून हसायला लागल्या. इस्पितळातली नर्स, जी आधी सोफ्यावर झोपायची, तीसुद्धा जागी राहायला लागली. चहा थोरला करायचा. पुरुषांना आत येऊ देत नव्हते, म्हणून तो पडद्यामागून करायचा. चहा उकळायला त्याला जरा जास्तच वेळ लागायचा.

भोंगामावशीही यायची. पहिली यायची आणि शेवटी जायची. आणि विनंत्यांची वेळ आली की तिचं सुरूच. "मी नाव घेणार नाही, पण..." तिकडे धाकटीची सुई अडायची. मावशीला येऊ नको म्हणणं सोपं होतं. पाळकीणबाईंनी हळूच सुचवूनही बघितलं. धाकटी म्हणाली, "दार लावायचंच असतं तर मग घरी कशाला बोलवायचं?"

मग एका गुरुवारी बायबलमधली त्या पांगळ्या माणसाची गोष्ट आली. प्रभू एका घरात बसलाय, दारात ही गर्दी, आणि चार जण आपल्या माणसाला बरा करून घ्यायला खाटेसकट घेऊन येतात. आत शिरता येईना, तर वर चढतात, छप्पर उघडतात आणि खाट खाली सोडतात.

"मला आधी सांगा," नर्स दोरा तोडत म्हणाली, "छप्पर कोणाचं होतं?"

"ज्याचं घर होतं त्याचं," पाळकीणबाई म्हणाल्या.

"आणि घरातली बाई काही बोलली नाही?"

"तसं काही लिहिलेलं नाही."

"बाईने लिहिलं असतं तर लिहिलं असतं. केर कोणी काढला असेल, सांगा बरं."

पडद्यामागून आवाज आला, "उघडलेलं छप्पर परत बसवायला नंबर एकचा कारागीर लागतो. त्याचं नाव लिहायला हवं होतं."

"दादा, चहा," धाकटी म्हणाली.

बायका हसल्या. धाकटी मात्र हातातल्या शर्टाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी एक विचार करतेय. ते चौघं येऊन नुसतं सांगत बसले नाहीत, की आमच्याकडे एक पांगळा आहे, तो असा आहे आणि तसा आहे. त्याला उचलून आणला. आपण असतो तर काय केलं असतं? त्याला घरीच ठेवला असता आणि इथे चहा पीत त्याचं सगळं सांगितलं असतं."

भोंगामावशी म्हणाली, "बरोबर आहे. लोक असतात असे."

"म्हणून आजपासून एक नियम," धाकटी म्हणाली. "स्वतःसाठी काहीही मागा. दुसऱ्या कोणासाठी मागायचं असलं, तर सगळ्यांनी उठायचं आणि तिच्या घरी जाऊन, तिच्यासमोर मागायचं. लगेच. ज्याची विनंती, त्याच्या दारी."

पाळकीणबाईंना हे फारच आवडलं. मावशीलाही आवडलं. तिला वाटलं, आता तर बघायलाही मिळणार.

तिने वेळ घालवला नाही. "मी नाव घेणार नाही, पण एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर एक सून आहे. सासू छळते तिला. भिंतीपलीकडून रडणं ऐकू येतं, बोलायची तर बंदच झालीय. मी ऐकलंय कानाने."

"चला," धाकटी म्हणाली आणि उठली.

वस्तीत बेकरी एकच. सगळ्या बायका ओळीने रस्त्यावर निघाल्या. कोणाच्या हातात बायबल, कोणाच्या खांद्यावर अर्धं शिवलेलं पोराचं जाकीट, नर्सच्या बाहीला तर सुई तशीच टोचलेली. लोक दुकानांच्या दारात येऊन बघायला लागले. मावशी सगळ्यात पुढे. जिना चढेपर्यंत पुढे. वर पोचल्यावर मात्र कशी कोण जाणे, ती सगळ्यांच्या मागे होती.

दार सासूने उघडलं. धिप्पाड बाई, कोपरापर्यंत पीठ. "काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं," पाळकीणबाई म्हणाल्या. "तुमच्या सूनबाईंना त्रास आहे असं कळलं. प्रार्थनेला आलोय."

आतून सून आली. तिचा डावा गाल डबलरोटीसारखा फुगलेला, वरून हातरुमाल बांधलेला. तिने काहीतरी म्हटलं ते कोणाला कळलं नाही.

"दाढ," सासू म्हणाली. "रात्रभर रडते. मीही तिच्या उशाशी जागते. दवाखान्यात चल म्हटलं तर घाबरते. पण तुम्हाला हे सांगितलं कोणी?"

सगळ्या बायका वळल्या. जिन्याच्या खालच्या पायरीवर भोंगामावशी उभी होती.

"दाढेचं दुखणं काही कमी असतं का?" मावशी म्हणाली.

मग काय, दाढेसाठी प्रार्थना झाली, सासूच्या पीठभरल्या हातांत हात घालून. नर्सने सुनेला तिथून थेट दवाखान्यात नेली. सासू त्यानंतरच्या गुरुवारी पाव घेऊन अभ्यासाला आली ती आजतागायत येते. आणि मावशीला वाटेत भेटेल त्याला सांगते, "हिला विचारा, माझ्या घरात काय चाललंय ते हिला जास्त ठाऊक."

असं अजून एकदोनदा झालं. एकदा मावशीने विनंती केलेल्या माणसानेच दार उघडलं आणि उलट तिच्यासाठी प्रार्थना करायला लागला. मग ती बंदच पडली. दर गुरुवारी फक्त "माझे गुडघे" म्हणायची. इतके गुरुवार ते गुडघे ऐकून नर्स म्हणाली, "मावशी, आता दुसरा एखादा अवयव घ्या."

आता धाकटी इस्त्रीवालीकडे गेली. ती टेबलापाशी उभी होती, वाफेत तोंड दिसत नव्हतं.

"गुरुवारी ये," धाकटी म्हणाली.

"मावशी असते?"

"असते."

"मग कशाला विचारतेस?"

"आता नियम केलाय."

"ऐकलं. बेकरीवालीने सांगितलं." इस्त्री शर्टाच्या पाठीवरून सरसर गेली. "तिला काढून टाक, मी येते."

"ते मला नाही जमणार."

"का? तुझी कोण लागते ती?"

"कोणी नाही. तिला काढलं तर उद्या तुलाही वाटेल, एक दिवस मलाही काढेल."

इस्त्रीवालीने शर्टाची घडी घातली, मोडली, परत घातली. "माझ्या पोरीचं घर बसत होतं गं," ती म्हणाली. "मी बोलले तीच चूक झाली असं वाटतं. आता देवाशीसुद्धा मोजून बोलते." मग इस्त्री उचलत म्हणाली, "एकदा येईन. एकदाच. एक शब्द जरी माझा बाहेर गेला ना, तर मंडळीही सोडीन आणि तुझं कामही. मग तुझे कपडे तूच इस्त्री कर. तुला येत नाही ते मला माहितीय."

गुरुवारी धाकटीची सकाळपासून नुसती धावपळ. तिने एक बाही उलटी जोडली. धाकटीने, उलटी बाही. थोरल्याने ते आपल्या डोळ्यांनी बघितलं म्हणून, नाहीतर त्यानेच विश्वास ठेवला नसता.

इस्त्रीवाली आली, दाराजवळच्या स्टुलावर टेकली. कोणी काही विचारलं नाही, नुसत्या सरकल्या. ती स्टूल सोडून आत मात्र आली नाही. हातात काही शिवायला नव्हतं, त्यामुळे तिचे डोळे मोकळे होते, आणि ते मावशीवरच होते. मावशीने ओळीने तीन बटणं एकाच काजाच्या समोर लावली.

विनंत्यांची वेळ आली. पाळकीणबाईंनी आपल्या चिडखोरपणासाठी मागितलं. नर्सने झोपेसाठी. इस्त्रीवालीने मान हलवली, काही नाही म्हणून. मग मावशीची पाळी. सगळ्या मनातल्या मनात गुडघे म्हणून मोकळ्या झाल्या होत्या.

मावशी म्हणाली, "माझ्या ओळखीची एक बाई आहे."

नर्सने उसासा टाकला. आजच का, आजचा दिवस तरी सोडायचा होतास, असं धाकटीच्या अगदी ओठांवर आलं. इस्त्रीवाली स्टुलावरून अर्धी उठलीच होती.

"तिचा मुलगा लांब असतो," मावशी पुढे म्हणाली. "ती सगळ्यांना सांगते, त्याचा रोज फोन येतो. येत नाही. तिने त्याच्या बायकोबद्दल चार लोकांत काहीतरी बोलून ठेवलं होतं, ते फिरत फिरत त्याच्या कानावर गेलं. तेव्हापासून फोन घेत नाही."

"कुठे राहते ही बाई?" पाळकीणबाईंनी चपला घालत विचारलं. "चला, जाऊ या."

मावशी जागची हलली नाही. "मी नाव घेणार नाही," ती म्हणाली.

हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं. पाळकीणबाई एका पायात चप्पल घालून तशाच उभ्या राहिल्या. पडद्यामागे चहा उतू गेला, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं, थोरल्याचंही नाही. सगळ्या इस्त्रीवालीकडे बघायला लागल्या. तिने आता एवढंच म्हणायचं होतं की बरं झालं, आणि दाराबाहेर पडायचं होतं. दार उघडंच होतं. धाकटीने सुई कापडात खुपसली आणि ती धरूनच बसली.

इस्त्रीवाली उठली. "नियम आहे ना तुमचा?" ती म्हणाली. "मग बसलात काय? चला मावशीच्या घरी."

"आत्ता नको," मावशी घाईने म्हणाली. "घर आवरलेलं नाहीये."

"बेकरीवालीचं कुठे आवरलेलं होतं?"

असं करून वरात निघाली. मावशीचं घर दोन गल्ल्या सोडून. या बाईच्या घरी आजवर कोणी आत गेलंच नव्हतं, कारण ती कायम दुसऱ्यांच्या दारात असायची. आत एक खोली. टेबलावर एक ताट, एक पेला, आणि मधोमध पांढऱ्या रुमालावर फोन ठेवलेला, देव्हाऱ्यात ठेवावा तसा. रुमाल चुरगळलेला होता. इस्त्रीवालीची नजर आधी तिथेच गेली. सवय.

"मी त्या वेळी तुझं नाव घेतलं नव्हतं," मावशी तिच्याकडे न बघता म्हणाली.

"नाव तेवढं ठेवलं होतंस," इस्त्रीवाली म्हणाली. "पत्ता सगळा दिला होतास."

"हो," मावशी म्हणाली. "दिला होता." आणि तिचा चेहरा असा झाला की बेकरीवालीने पुढे होऊन तिला खुर्चीवर बसवलं.

प्रार्थना कोणी करायची? पाळकीणबाईंनी घसा खाकरला, तर धाकटीने त्यांचा दंड धरला. इस्त्रीवालीनेच केली, डोळे उघडे ठेवून, फोनकडे बघत. लांबलचक काही नाही. प्रभू, हिच्या मुलाला फोन उचलायची बुद्धी दे, आणि त्याने उचलला तर हिला कमी बोलायची बुद्धी दे. आणि माझ्या पोरीकडेही बघ. आमेन.

आपल्या पोरीचं नाव तिने सगळ्यांपुढे घेतलं, आणि ते आपल्या तोंडून निघालंय हे तिला बहुतेक आमेननंतर कळलं.

बाहेर पडताना मावशीने तिची बाही पकडली. बाकीच्या पायऱ्या उतरत होत्या, धाकटी तेवढी मागे होती.

"हे... माझ्या मुलाचं," मावशी हळू आवाजात म्हणाली, "तू कोणाला सांगणार नाहीस ना?"

इस्त्रीवालीने टेबलावरचा तो चुरगळलेला रुमाल आणला होता, इस्त्रीला. त्याची तिने नीट घडी घातली, मग आणखी एक घडी घातली. मावशीचा जीव टांगणीला.

"बघू," इस्त्रीवाली म्हणाली. "विचार करते. काय ठरलं ते पुढच्या गुरुवारी सांगते."

आणि ती पायऱ्या उतरली. मावशी दारात तोंड वासून उभी राहिली. धाकटी मात्र तिथून घरापर्यंत अशी झपाझप चालली की बाकीच्या मागे पडल्या, आणि घरात शिरल्या शिरल्या तिने भावाला हाक मारली, "दादा, दाराजवळचं ते स्टूल उचल. पुढच्या गुरुवारी बाकावर आणखी एक माणूस बसणार आहे."

थोरल्याने बाक हलवून बघितलं. बसतील, तो म्हणाला, दोन जणी अजून बसतील.